खाडीबाहेरची नवरी

वारा पडेना, तसा हुरियाआत्याचा पारा चढत चालला होता.

समोर पुकेरिमूची खाडी होती. इतकी जवळ, की किनाऱ्यावरच्या भट्ट्यांचा धूर नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. नवरीकडची माणसं येणार म्हणून तिथे खड्डे खणून तापल्या दगडांवर डुकरं आणि रताळी शिजायला घातलेली असणार. आणि नवरीकडची माणसं इथे बाहेर, पक्ष्यांच्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकून, सुक्या शार्कचे तुकडे चघळत बसली होती. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या. भिंतीसारख्या उठायच्या आणि धाडकन कोसळायच्या. त्यातून गलबत आत घालायचं, म्हणजे मागाहून किनाऱ्यावर त्याच्या फळ्या वेचायच्या.

“एनोका, काल म्हणालास उद्या. आज काय म्हणतोस?”

“आजही उद्याच म्हणतो, अक्का.” एनोकाकाकाने सुकाणूच्या दांड्यावरचा हात काढला नाही. गलबत नांगरावर होतं, सुकाणू धरायची काही गरज नव्हती. पण आपल्या या गलबतावर, कुआकावर, असताना काकाचा एक हात कुठेतरी तिच्या अंगावर असायचाच. “पूर्वेचा वारा आहे. माझं ऐकत नाही. तुझं ऐकत असेल तर सांगून बघ.”

“माझं इथे माणसं ऐकत नाहीत, वारा कशाला ऐकेल?”

डोलकाठीला टेकून रिपेका बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. आत्याच्या हनुवटीवर गोंदलेली निळी नक्षी रागाच्या वेळी कशी ताणली जाते, ते तिला न बघता ठाऊक होतं.

शब्द आत्याने दिला होता. रिपेकाचे वडील गेले, तेव्हा त्यांच्या उशाशी बसूनच दिला होता. नदीपलीकडच्या गव्हाच्या जमिनीवरून दोन्ही गावांनी बंदुका बाहेर काढल्या होत्या; पुकेरिमूचा प्रमुख रांगीतुआ रडायला म्हणून आला, तोही हत्यारबंद माणसं घेऊन. आत्या उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “माझ्या भावाची मुलगी तुझ्या मुलाला, पिरिमोनाला, देते. नदीत रक्त नको.” बंदुका खाली गेल्या. रिपेकाला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशी ती बापासाठी इतकी रडत होती, की विचारलं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं.

आता गव्हाची पोती पोटात घालून कुआका ऑकलंडला निघाली होती. वाटेत पुकेरिमूला नवरी उतरवायची, जेवायचं, आणि पुढे जाऊन गोऱ्यांना गहू विकायचा. सोपं काम. फक्त वारा पडायला हवा होता.

“चल खाली,” आत्या तिला म्हणाली. “केस बघ कसे झालेत. खारवलेला काथ्या.”

खालच्या खोलीत गव्हाचा कोंदट वास होता. आत्याने तिला पुढ्यात बसवलं, पानं घालून मुरवलेलं तेल हातावर घेतलं आणि फणी चालवू लागली. गलबत डोललं की फणी ओढली जायची.

“मला नेलं तेव्हा मी तुझ्याहून लहान होते,” आत्या म्हणाली. “नावेत म्हाताऱ्यांच्या मधोमध बसवलेलं. उतरले, तर नवऱ्याचं अर्धं तोंड भाजलेलं. लहानपणी विस्तवात पडला होता. कुणी सांगितलंच नव्हतं मला! पहिला हिवाळा मी त्याच्या त्या बाजूला बसलेच नाही. नंतर नंतर लक्षातच येईना, कुठली बाजू कुठली.”

“आणि लक्षात येत राहिलं असतं तर?”

फणी थांबली.

“तर तशीच राहिले असते. तुझा बाप, हा एनोका, सगळे माझ्या जिवावर निवांत झोपत होते.” फणी पुन्हा चालू झाली, जरा जोरात. “मान सरळ धर. आणि पिरिमोनाचं तोंड भाजलेलं नाही. मी बघून आलेय.”

रिपेकाला आत्ताच सांगून टाकावंसं वाटलं. अजून नाही, ती स्वतःला म्हणाली. आधी त्याच्याशी बोलायला हवं.

तो पुढच्या टोकाला, नाळेपाशी, पाण्याच्या पिंपाआड बसून दोर सांधत होता. ताइतुहा. हुरियाआत्याच्या माहेरी त्याचा जन्म झाला, पण घरातला म्हणून नाही. रिपेकाच्या आजोबांनी दक्षिणेच्या लढाईतून त्याच्या आईला धरून आणलं होतं. पुढे पाद्री आले, बंदी माणसांना सोडून द्या म्हणाले, आजोबांनी सोडलं. पण तिच्या गावात परत जाण्यासारखं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती चुलीपाशीच राहिली आणि चुलीपाशीच मेली. ताइतुहा देवमाशांच्या शिकारी जहाजावर गेला, दोन-तीन वर्षांनी परत आला, आणि काकाने त्याला कुआकावर घेतलं.

प्रेम वगैरे रिपेकाला वाटलंच नव्हतं आधी. गेल्या सुगीच्या फेरीत त्याची दाढ सुजली. काकाने सुताराचा चिमटा घेतला, रिपेकाच्या दादाने, आपेराने, डोकं धरलं, आणि “हिला बसवा रे पायांवर, जड आहे ही” म्हणून रिपेकाला त्याच्या मांड्यांवर बसवलं. दाढ निघाली तेव्हा त्याने तिचं मनगट असं आवळलं, की पुढे कित्येक दिवस तिथे हिरवं-निळं उमटलेलं होतं. तोंडभर रक्त घेऊन तो तिच्याकडे बघून हसला. ते मनगटावरचं मावळू नये असं तिला वाटू लागलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

“आज सांगते,” ती पिंपातलं पाणी काढत हळूच म्हणाली.

“नको सांगूस.” त्याने मान वर केली नाही. “ऑकलंडला पोचलो की मी उतरतो. शिकारी जहाजांना माणसं लागतातच.”

“असं का? म्हणजे मी त्या घरात जाऊन मुलं काढायची, आणि तू समुद्रावर उसासे टाकत फिरायचंस. छान वाटणी केलीस रे.”

“मग काय करू? तुझ्या काकाकडे जाऊन काय म्हणू? माझी आई तुमची लाकडं फोडत मेली, आता तुमची मुलगी द्या, असं?”

“तू काही म्हणू नकोस. मी म्हणते.” तिने पळी पिंपावर आपटली. “तू फक्त एक सांग. मी म्हटलं आणि सगळे तुझ्याकडे वळले, तर मान खाली घालशील?”

दोराचा पीळ त्याच्या बोटांत तसाच राहिला. मग त्याने वर पाहिलं. डोळ्यांत भीती होती, ती त्याने लपवली नाही.

“नाही घालणार,” तो म्हणाला.

दुपारी सगळे सुकाणूपाशी जेवायला बसले. काकाने प्रार्थना म्हटली. आपेरादादाने उकडलेल्या बटाट्यांची टोपली मध्ये ओढली. आत्या ईल माशाचा तुकडा सोलत म्हणाली, “उतरताना पिसांची शाल आपेराने धरायची. वाऱ्यावर उडाली, तर तिथल्या बायका वर्षभर हसतील.”

“शाल नको, आत्या,” रिपेका म्हणाली. “मी उतरणार नाही.”

“वारा पडेल गं उद्या.”

“वाऱ्याचं नाही म्हणत. मी पिरिमोनाकडे जाणार नाही. मला ताइतुहा हवा आहे. त्यालाही मी हवी आहे.”

खलाशांपैकी एकाला ठसका लागला, त्याच्या पाठीवर कुणी थापही मारली नाही. आत्याने हातातला तुकडा पानावर ठेवला आणि बोटं नीट पुसली.

“कधीपासून?”

“गेल्या सुगीपासून.”

“पोटात काही आहे?”

“नाही.”

आत्याने मान हलवली, कमरेची चिलीम काढली आणि भरायला घेतली. आरडाओरड्याची तयारी रिपेकाने केली होती. याची केली नव्हती.

आरडाओरडा दादाने केला. उठला तो टोपली लाथाडून. ताइतुहा आधीच उभा राहिला होता. मान वर.

“तुझ्याबरोबर मी एका ताटात जेवलोय!” आपेरा ओरडला. “तू परत आलास तेव्हा काकाच्या हातापाया मी पडलो होतो, घ्या याला म्हणून! आणि तू माझ्या बहिणीला–”

“मी काही चोरलं नाही, आपेरा.”

“मग हे काय आहे?”

“दादा, तुझ्या बहिणीलाही तोंड आहे,” रिपेका म्हणाली. “मला विचार.”

आपेराने ठोसा मारला. ताइतुहा दोन पावलं मागे गेला, ओठ फुटला, पण त्याने हात उचलला नाही. दुसरा ठोसा मारायला दादाने हात उगारला, आणि तो हात तसाच राहिला. लहानपणापासून हे दोघं भांडायचे तेव्हा ताइतुहा नेहमी उलट मारायचा. आज मारत नव्हता, याचा अर्थ दादाला कळला असावा. तो तोंड फिरवून कठड्याशी जाऊन उभा राहिला.

आता एनोकाकाका बोलला. इतका वेळ तो सुकाणूचा दांडा धरून बसूनच होता. “रांगीतुआला हे कळलं, की मुरू येईल,” तो सावकाश म्हणाला. “दिलेली नवरी मोडली, तर लुटायचा हक्क त्याचा. आणि तो लुटायला येईल तेव्हा रताळी नेणार नाही. हे नेईल.” त्याने पायाखालच्या फळीवर टाच आपटली. “सगळ्या गावाने सुगीमागून सुगी पोटाला चिमटा घेऊन हे गलबत घेतलंय, रिपेका. म्हाताऱ्यांनी तंबाखू सोडली. तुझ्या बापाने घोडा विकला. कुणासाठी? याच्यासाठी?”

“काका, मी गलबत मागत नाहीये.”

“तू दुसरं काय मागते आहेस?” तो उठला. “होडी सोडा. ताइतुहा, सामान घे. पक्ष्यांच्या बेटावर उतर. लग्न लावतो, गहू विकतो, परतताना तुला उचलतो. मधे तू कुणाच्या डोळ्यांसमोर नसलेला बरा.”

“बेटावर पाणी नाही, काका!”

“खळग्यांत असतं.”

ताइतुहा हूं की चूं न करता गेला आणि आपलं गाठोडं घेऊन आला. रिपेकाला त्याचा असा राग आला, की वाटलं आपणही एक ठेवून द्यावी. मान खाली घालणार नाही म्हणाला होता. मान नव्हती घातली. पण पाय निघाले होते.

“नाखवा सांगतील ते,” तो तिच्या बाजूने जाताना पुटपुटला. “तुझ्या घरची भांडणं माझ्यामुळे नकोत.”

“घर मोडून झालं की रे, बावळटा.”

होडी कठड्याबाहेर दोरांवर लोंबकळत होती. आडोशाला असूनही बेटाच्या टोकाला वळसा घालून लाटा येत होत्या. होडी पुढे जायची आणि परत येऊन कुआकाच्या कुशीवर आदळायची. बेटापर्यंत अंतर फार नव्हतं, पण मधल्या पाण्यात भोवरे फिरत होते. ताइतुहा होडीत उतरला. पुढचा दोर आपेराच्या हातात होता.

“सोड,” काका म्हणाला.

आपेराने सोडला नाही. “काका, पाणी जरा बसू दे. एकट्याने वल्हवणं...”

“सोड म्हणतो ना!”

दोर सरकला. होडी हातभर खाली गेली. रिपेकाने त्या वेळी काही विचार केला असं नाही. नंतर गावातल्या बायकांनी तिला पुष्कळदा विचारलं, काय मनात आलं गं तुझ्या, आणि तिला खरं उत्तर देता आलं नाही. तिने घागरा गुडघ्यांवर खोचला, कठड्यावर पाय दिला आणि खाली उडी मारली.

होडी कलंडली. पाणी आत आलं, बर्फासारखं. तिचा खांदा फळीवर आपटला, ताइतुहाने तिची वेणी की गळा काय हाताला लागलं ते धरून तिला आत ओढलं. वर सगळे ओरडत होते. होडी उसळून गलबताच्या कुशीवर आदळली आणि एक वल्हं काडीसारखं मोडलं.

“वेड लागलंय तुला?” ताइतुहा ओरडला. “जा वर! जा!”

ती उठली. पण वर चढायला नव्हे. ती मधल्या फळीवर त्याच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसली, ओले केस तोंडावरून मागे सारले आणि वर पाहिलं. कठड्यावर सगळी तोंडं ओळीने दिसत होती. काका, दादा, खलाशी, आणि हातात चिलीम घेतलेली आत्या.

“सोडा आता दोर,” रिपेका म्हणाली. दात वाजत होते, पण शब्द स्पष्ट आले. “मी याच्या शेजारी बसलेय. सगळ्यांनी बघितलंत. सोडा दोघांना मिळून.”

“एका वल्ह्यावर मरशील, पोरी!” काकाचा आवाज फाटला.

“मग मरते. याच्या शेजारी बसून मरते.”

आणखी एक लाट आली. होडी वर उचलली गेली, इतकी, की क्षणभर आत्याचा चेहरा अगदी समोर आला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. आत्या तिच्याकडे अशी बघत होती, जणू हे पाणी, ही होडी तिने पूर्वी कधीतरी पाहिली आहे आणि तेव्हा काहीतरी बघायचं राहून गेलं. मग होडी खाली कोसळली.

“ओढा वर,” आत्या म्हणाली. आणि कुणी हललं नाही तशी गरजली, “अरे, बहिरे झालात का? दोघांना ओढा वर!”

आपेराने सगळ्यांत आधी दोर धरला.

रिपेकाला घोंगडीत गुंडाळून खाली नेलं, पण खालच्या खोलीची झडप उघडी होती आणि वरचं सगळं ऐकू येत होतं.

“नांगर उचलतो आणि थेट ऑकलंड गाठतो,” काका म्हणत होता. “रांगीतुआला सांगू, वाऱ्याने ढकललं. परत जाईपर्यंत काहीतरी सुचेल.”

“पळणाऱ्याच्या मागे बंदुका येतात. थांबणाऱ्याकडे नुसता मुरू येतो,” आत्या म्हणाली.

“अक्का, अजून वेळ गेलेली नाही. खलाशांना मी दम देतो. होडीत कुणी बसलं नव्हतं, कुणी काही बघितलं नाही.”

“मी बघितलं. आपल्यात बाई चारचौघांत पुरुषाशेजारी जाऊन बसली, की लग्न झालं. ते मला पाद्र्याने शिकवलेलं नाही, तुला मला आईने शिकवलंय. आता हिला त्या घरी धाडली, तर मी रांगीतुआच्या पदरात खोटं घालीन. खोट्यावर केलेला तह एक हिवाळासुद्धा टिकत नाही. मग नदीत रक्त येईलच, आणि ते तुझ्या-माझ्या पोरांचं असेल.”

“आणि गलबत? ते काय तुझ्या एकटीचं आहे? सगळ्या गावाचं आहे!”

“मुलगीही सगळ्या गावाचीच होती. मी दिली तेव्हा मला कुणी विचारलं नाही, सगळ्या गावाला विचारलंस का म्हणून. तूसुद्धा नाही.”

मग आपेराचा आवाज आला. “आत्या म्हणते ते खरं आहे, काका.”

“तू गप रे! मघाशी त्याचं तोंड फोडलंस तू!”

“फोडलं. तेवढं त्याला देणंच होतं. म्हणून माझ्या बहिणीने भोवऱ्यात मरायचं का?”

काकाची पावलं सुकाणूकडे गेली. रिपेकाने घोंगडीत तोंड खुपसलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. काका आता सुकाणूच्या दांड्यावरून हात फिरवत असेल, हे तिला न बघता दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. वाळूच्या दांड्यावरची लाट नुसती गुरगुरत राहिली, आणि भरतीबरोबर खाडीतून रांगीतुआची लांब नाव बाहेर आली. वल्ही एका तालावर उचलली जात होती. नवरीला न्यायला येतात तशी नाळेवर पिसं बांधली होती. मध्ये रांगीतुआ उभा होता, पांढऱ्या केसांचा, आणि त्याच्या मागे निळ्या कोटातला एक तरुण. कोटाची पितळी बटणं लांबूनच चमकत होती.

हुरियाआत्या काळी शाल पांघरून कठड्याशी आली. तिने साद घातली. पण ती स्वागताची नव्हती. मयताच्या दारात घालतात तशी लांब, खाली उतरत जाणारी. वल्ही पाण्याच्या वर थांबली.

“कोण गेलं, हुरिया?” रांगीतुआने खालून विचारलं.

“माझा शब्द गेला. वर ये, रांगीतुआ. माणसं घेऊन ये. माझ्याकडे तुझ्यासाठी नवरी नाही. माझ्या भाचीने काल या सगळ्यांसमोर दुसरा माणूस केला. तुझं जे होतं ते मी सांभाळू शकले नाही. ये, आणि काय घ्यायचं ते घे.”

ते चढले तेच किंचाळत. भाले फिरवत, जिभा काढत, फळ्या हादरतील असे पाय आपटत चढले. रिपेका ताइतुहाच्या शेजारी डोलकाठीपाशी उभी होती. हलायचं नाही, असं आत्याने बजावलं होतं. एकाने तिच्या तोंडापाशी भाला नाचवला. दुसऱ्याने तिच्या कानातला हिरवा दगड हिसडा देऊन ओढला; पाळी फाटली, मानेवर ऊन रक्त ओघळलं. तिने तोंडातून आवाज काढला नाही. शाल गेली, घोंगड्या गेल्या, काकाची ऑकलंडहून आणलेली दुर्बीण गेली.

मग रांगीतुआने हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले.

“माणूस कुठला?”

ताइतुहा पुढे झाला. “मी.”

“कुणाचा तू?”

उत्तर द्यायला तो क्षणभर अडखळला. तेवढ्यात आत्या म्हणाली, “माझ्या घरचा.” ती हे इतकं कोरडेपणाने म्हणाली, की ताइतुहाने चमकून तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं.

“पिरिमोना,” रांगीतुआ म्हणाला, “तुझा हक्क घे.”

निळ्या कोटातला तरुण पुढे आला. त्याने कोट काढला, त्याची नीट घडी घातली आणि ती पोत्यावर ठेवली. कोट नवाकोरा होता, लग्नासाठीच घेतलेला. मग त्याने भाला हातात घेतला. ताइतुहाला त्यांनी एक आखूड काठी दिली. अडवायचं, मारायचं नाही.

पहिला वार काठीवर लागला आणि सरकला. दुसरा बरगडीजवळून गेला. तिसऱ्या वेळी पिरिमोनाने खांद्याचा आव आणला आणि भाला खाली वळवला. टोक ताइतुहाच्या मांडीत गेलं. तो गुडघ्यावर आला. फळीवर रक्ताचा ओघळ धावला. पिरिमोनाने भाला उपसून पुन्हा उचलला. आता टोक गळ्याच्या समोर होतं.

खाली बसलेला ताइतुहा वर बघत होता. त्याच्या हातातली काठी त्याने खाली ठेवली. मान मात्र खाली घातली नाही.

पिरिमोनाने बापाकडे पाहिलं नाही. त्याने रिपेकाकडे पाहिलं. तिने पहिल्यांदाच त्याला नीट बघितलं: रुंद कपाळ, सरळ नजर, खालचा ओठ दातांत धरलेला.

“तू मला पाहिलंही नव्हतंस,” तो म्हणाला. “निदान बघून तरी नाही म्हणायचं होतंस.”

“तुझी चूक नव्हती,” रिपेका म्हणाली.

“ते मला माहीत आहे.” त्याने भाला आडवा केला आणि कोट उचलला. “रक्त निघालं. पुरे.”

रांगीतुआ हुरियाआत्यासमोर जाऊन उभा राहिला. “आणि नदी?”

“गलबत घे,” आत्या म्हणाली. “गव्हासकट घे. आणि या सगळ्यांसमोर म्हण, की नदीपलीकडचं भांडण यात फिटलं.”

म्हातारा वर डोलकाठीकडे बघत राहिला. एवढं मागायचं त्याच्या मनात नसावं. “मुलगी देऊन स्वस्तात सुटली असतीस, हुरिया.”

“ते माझं मी बघेन. म्हण.”

“फिटलं,” रांगीतुआ म्हणाला, आणि रीतीप्रमाणे नाकाला नाक लावायला वाकला. दोघांची कपाळं बराच वेळ टेकलेली होती.

सुकाणू देताना एनोकाकाकाने कुणाला त्रास दिला नाही. त्यांच्या नाखव्याने हात पुढे केला. काकाने दांड्यावरची आपली बोटं एकेक करून सोडवली. मग म्हणाला, “डावीकडे जरा ओढते ती. जबरदस्ती करायची नाही. थोडं सोडायचं, मग आपणहून येते.” आणि पाठ फिरवून नावेत उतरला.

किनाऱ्यावर भट्ट्या उघडलेल्या होत्या. शिजवलेलं टाकून द्यायची पद्धत पुकेरिमूत नाही. पाहुण्यांना बसवलं, पानांवर डुकराचं मांस, रताळी, शिंपल्या. रांगीतुआच्या बायकोने रिपेकाच्या पुढ्यात मुद्दाम भलामोठा ढीग वाढला.

“खा गं,” ती म्हणाली. “तुझ्याच लग्नाचं आहे.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. रिपेकाने घास घेतला. कानाची पाळी ठणकत होती, पण तिने गिळला. पलीकडे आपेरा ताइतुहाच्या मांडीला पट्टी बांधत होता; बांधताना मुद्दाम आवळत होता, आणि ताइतुहा कळवळला की “सोस आता,” म्हणत होता.

ओहोटी लागली तशी कुआका बाहेर निघाली. नवी माणसं शिडांशी झटापट करत होती. मोठं शीड अर्ध्यावर अडकलं, फडफडलं. काका हातातलं पान टाकून ताडकन उठला आणि पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरला.

“अरे, मागचा दोर! आधी मागचा दोर सोडा, गाढवांनो!” तो जिवाच्या आकांताने ओरडला. कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. शीड कसंबसं वर गेलं, फुगलं, आणि कुआका वाळूच्या दांड्यावरून पार झाली. काका तिथेच उभा राहिला. रिपेका उठून त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या हाताला हात लावला. त्याने तिचा हात झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

“आत्ताच नको, पोरी,” तो म्हणाला.

तिने हात मागे घेतला. हे आता असंच राहणार होतं. किती काळ, कुणी सांगावं. ती वळली. वाळूवर आत्या उभी होती. गाठोडं पाठीला बांधून चालायला निघालेली. घर लांब होतं, मधे नद्या होत्या, आणि गलबत नसलं की माणसाला पाय असतात. पोचल्यावर सगळ्या गावाला तोंड द्यायचं होतं, आणि ते आत्यालाच द्यायचं होतं.

“आत्या, तू माझ्यासाठी–”

“तुझ्यासाठी काही केलं नाही मी. उगाच रडू नकोस.” आत्याने चिलीम दातांत धरली. तंबाखूही मुरूत गेली होती, चिलीम रिकामीच होती. आधाराच्या काठीवर लंगडत ताइतुहा मागून येत होता. आत्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आपल्या हातातल्या काठीच्या टोकाने पुढची वाट दाखवली.

“तू चल माझ्यापुढे,” ती त्याला म्हणाली. “एवढं गलबत देऊन काय घेतलंय, ते वाटभर बघू तरी दे मला.”